तळटीप १४ : ‘काखेत फ्रान्सिस, खिशात रेसचं पुस्तक’

१४. डिक फ्रान्सिस (१९२०–२०१०) : वेल्समध्ये जन्मलेला इंग्रजी रहस्यकादंबरीकार; त्याआधी व्यावसायिक जॉकी. १९५६च्या ग्रँड नॅशनलमध्ये राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा त्याच्याखाली जिंकत आला असताना अंतिम रेषेच्या अलीकडे अचानक पोटावर बसला. कारणाबद्दल तर्क अनेक झाले, उलगडा झाला नाही. पुढच्या वर्षी फ्रान्सिस निवृत्त झाला आणि १९६२ साली ‘डेड सर्ट’ आली. तिच्यात उडीच्या कुंपणाआड तार ताणून घोडा पाडतात. मूळ मजकुरात दिव्याच्या फलाटावरचा लेखकाचा मित्र ‘महालक्ष्मीलाही असंच करत असतील’ म्हणतो, ते मात्र जमणारं नाही. फ्रान्सिसच्या बहुतेक शर्यती अडथळ्यांच्या, तर महालक्ष्मीची इंडियन डर्बी २,४०० मीटरची सपाट धाव. उडी मारायला कुंपणच नाही. (दिव्याहून मध्य रेल्वेने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात रेस पुण्याला. म्हणून मजकुरातला जुलैतला महालक्ष्मीचा प्रवास महिन्याच्या हिशेबात बसत नाही. मजकूर मुळाप्रमाणे ठेवला आहे.) बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाशी केलेली तुलनाही ओढूनताणून वाटते. फ्रान्सिसचा नायक अजिंक्य नसतो, सडकून मार खातो. सिड हॅली तर एक हात निकामी झालेला माजी जॉकी. हॅलीची ‘व्हिप हँड’ प्रथम वाचावी.