तळावरचे जुने नाव

वापरलेल्या काडतुसाची पुंगळी हातात आली की जाणकार माणूस आधी ती उलटी करून तळ पाहतो. मधोमध दारू पेटवणाऱ्या प्राइमरचा ठिपका, त्यावर पिनचा खड्डा आणि भोवती कारखान्याने ठोकलेली अक्षरे. माझ्या टेबलावर आत्ता जी पुंगळी आहे तिच्या तळावर .३०-०६ असे लिहिले आहे. पण तिची मान इतकी आवळलेली आहे की .३० ची गोळी तिच्यात शिरणारच नाही. जन्माने ती .३०-०६, रूपाने .२५-०६. वाइल्डकॅट काडतुसांच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या वाचकाच्या हाती मी प्रथम हीच वस्तू देईन.

कोणताही कारखाना तयार विकत नाही, असे काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. प्रचलित काडतुसाची पुंगळी घ्यायची आणि तिची मान आवळायची किंवा रुंद करायची, खांदा मागे सारायचा, नाहीतर त्याचा कोन बदलायचा. मग त्या नव्या आकाराला बसेल असे चेंबर रायफलच्या नळीत कोरून घ्यायचे. आपल्याकडच्या वाचकाला रायफल ओळखीची असते ती नेमबाजीमुळे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते .२२ रिमफायरच्या रायफलने. रिमफायरची पुंगळी एकदा उडाली की संपली, कारण तिचा प्राइमर कडेतच भरलेला असतो. सेंटरफायरची पुंगळी मात्र नवा प्राइमर, दारू आणि गोळी घालून पुन्हा भरता येते. घरी काडतुसे भरण्याची ही सवय अमेरिकेत खोलवर रुजली, म्हणून वाइल्डकॅटचा इतिहासही मुख्यतः तिथलाच आहे.

तो इतिहास म्हणजे धीराची गोष्ट आहे. बंदूक-कारागीर ए. ओ. नीडनरने १९२० च्या सुमारास .२५-०६ घडवले. रेमिंग्टन कंपनीने ते कारखान्यात घेतले १९६९ मध्ये. .३५ व्हेलन १९२२ चे, त्याला कारखाना मिळाला १९८८ मध्ये. .२२-२५० सुद्धा अनेक वर्षे हौशी नेमबाजांच्या वर्कशॉपमध्येच वाढले आणि १९६५ मध्ये दुकानात आले. आज ज्यांना आपण साधी, प्रतिष्ठित काडतुसे म्हणतो त्यांतली कितीतरी मुळात वाइल्डकॅट, म्हणजे रानमांजरेच होती. या विषयाला सवंग हौस म्हणून झटकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

अमेरिकी बंदूक-कारागीर पी. ओ. ॲक्ली यांच्यापाशी मात्र थोडे थांबलेच पाहिजे. .३०-०६ च्या खांद्याचा उतार साडेसतरा अंशांचा. ॲक्लींनी तो ४० अंशांवर नेला आणि पुंगळीच्या अंगाचा निमुळतेपणा कमी केला. गंमत पुढे आहे. या ‘इम्प्रूव्हड’ चेंबरमध्ये दुकानातले साधे .३०-०६ घालून झाडता येते. दाबाने पितळ फुगते, चेंबरच्या भिंतींना टेकते आणि नव्या धारदार खांद्याची पुंगळी बाहेर पडते. याला फायर-फॉर्मिंग म्हणतात. हे सुरक्षितपणे घडावे म्हणून चेंबरची हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून पुंगळी अडते त्या जागेपर्यंतचे अंतर, मूळ काडतुसापेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटर कमी ठेवतात. म्हणजे मान आणि खांदा जुळतात त्या जागी पुंगळी घट्ट धरली जाते. ती सैल राहिली तर पितळ तळाजवळ ताणले जाते आणि पुंगळी तिथे तुटू शकते. सगळी कारागिरी त्या ०.१ मिलिमीटरमध्ये आहे.

मग अशा काडतुसाची रायफल बनवून घ्यावी का? बहुतेक माणसे या प्रश्नाला वेगाच्या बाजूने भिडतात आणि तिथेच चुकतात. भरणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे: दाब तेवढाच ठेवला, तर पुंगळीत जागा जितके टक्के वाढते त्याच्या चौथाई टक्केच वेग वाढतो. जागा आठ टक्के वाढली, तर वेग दोन टक्के. दोन टक्क्यांनी हरणाला काही फरक पडत नाही. उलट, बारीक नळीसाठी फार मोठी पुंगळी घेतली तर चेंबरच्या पुढचे आटे लवकर जळतात.

खरा हिशेब वेगळा आहे. रायफल एकदाच बनते, काडतुसे मात्र जन्मभर बनवावी लागतात. चेंबर कोरायचा रीमर, ते तपासायचे गेज आणि पुंगळी घडवायचे डाय वेगळे करून घ्यावे लागतात. अमेरिकेत काडतुसांची मापे आणि दाबाची मर्यादा १९२६ पासून सामी ही संस्था ठरवते. वाइल्डकॅटला तो आधार नसतो, त्यामुळे दारूचे प्रत्येक माप कमीपासून चढवत, पुंगळीवरच्या दाबाच्या खुणा वाचत स्वतः ठरवावे लागते. प्रवासात काडतुसांची पेटी हरवली, तर परगावच्या दुकानात ते काडतूस मिळत नाही. शिवाय जुन्या काळी जी पोकळी भरण्यासाठी वाइल्डकॅट लागे, ती आता बरीचशी कारखान्यांनीच भरली आहे. ६.५-०६ साठी आसुसलेल्या माणसाला २००७ पासून ६.५ क्रीडमूर तयार मिळते.

तरीही माझे मत ‘नको’ असे नाही. ज्याला काडतूस भरण्यातच आनंद आहे, पितळ कसे वागते हे स्वतःच्या बोटांनी शिकायचे आहे, त्याने जरूर बनवावी. पहिली रायफल मात्र ‘इम्प्रूव्हड’ घराण्यातली घ्यावी, म्हणजे अडचणीत मूळ काडतुसावर काम भागते. ज्याला फक्त चांगली शिकारी रायफल हवी आहे, त्याने .२७० किंवा .३०-०६ घ्यावी आणि उरलेला पैसा सरावाला लावावा.

जो बनवून घेईल त्याला एकच विनंती. पुंगळीच्या तळावर जुनेच नाव राहणार आहे, ते बदलता येत नाही. म्हणून नळीवर नव्या काडतुसाचे पूर्ण नाव ठळक कोरून घ्या आणि भरलेल्या प्रत्येक डब्यावरही लिहा. उद्या ती रायफल ज्याच्या हाती जाईल, त्याला तुम्ही शेजारी उभे राहून सांगू शकणार नाही.