घरचा मसाला : एक उपेक्षित इतिहास

मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मिरीसाठी गलबते कशी सागर ओलांडून आली, लवंग-जायफळासाठी बेटे कशी उजाड झाली, हे आपण शाळेत शिकतो. परंतु तीच मिरी आणि तीच लवंग घराचा उंबरठा ओलांडून आत आली म्हणजे तिचे पुढे काय होते, ती कोण निवडते, कोण कुटते आणि पावसाळ्याचे चार महिने कोण राखते, हे बखरीतही सापडत नाही आणि दप्तरांतही सापडत नाही. आजचा विषय निवडला तो याच कारणाने. श्रोत्यांपैकी निम्म्यांना तो माझ्याहून अधिक ठाऊक असेल. पण ठाऊक असणे निराळे आणि त्याला इतिहास म्हणून मान देणे निराळे.

प्रथम शब्दच पाहा. ‘मसाला’ हा शब्द मूळ अरबी असून तो फारसीमार्गे आपल्याकडे आला. शब्द परका, तशा वस्तूही बऱ्याचशा परमुलुखाच्या. ज्या गोडा मसाल्याला आपण अस्सल महाराष्ट्रीय म्हणतो, त्याची पुडी सोडून बघितली तर काय दिसते? धने आणि जिरे यांचे मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशांत. ते फार प्राचीन काळी इकडे रुळले. दालचिनी सिंहलद्वीपाची, लवंग मोलुक्का बेटांची, हिंग इराण-अफगाणिस्तानचा. दगडफूल हे तर फूलच नव्हे; खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी ती एक शैवाक वनस्पती आहे. आणि लाल मिरची थेट अमेरिका खंडातली.

मिरीचे मात्र तसे नाही. ती आपल्या पश्चिम किनाऱ्याची कन्या. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस इसवी सनापूर्वी 1213 मध्ये वारला. त्याच्या जतन केलेल्या देहाच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले आहेत. पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी मिरीचे भाव देतो आणि हिंदुस्थानच्या मालापायी रोमचा पैसा वाहून जातो म्हणून हळहळतो. त्याच शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. इ. स. 408 मध्ये गॉथांचा राजा अलॅरिक याने रोमला वेढा घातला, तेव्हा तो उठविण्यासाठी मागितलेल्या खंडणीत सोन्यारुप्याबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ झाला. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. हिंग आहे, जिरे आहे, आले आहे, हळद आहे, मिरी आहे. मिरची नाही. असणार कशी? कोलंबस अमेरिकेस पोहोचला तो 1492 साली. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 साली. यानंतरच केव्हातरी मिरचीचे बी आपल्या मातीत पडले. ज्ञानेश्वरांच्या काळच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती, ही गोष्ट ऐकून आजही पुष्कळांना धक्का बसतो!

नव्या पिकाला लोकांनी नाव दिले तेही ‘मिरी’वरूनच. नाव तिचे घेतले आणि हळूहळू जागाही तिचीच घेतली. याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. मिरीच्या वेलीला आधाराचे झाड लागते, दमट हवा लागते, भरपूर पाऊस लागतो. मिरची देशावरच्या कोरड्या रानातही येते, परसात येते, एका हंगामात हाती लागते. राजाच्या ताटातला तिखटपणा तिने कुणब्याच्या भाकरीवर आणून ठेवला. त्याच काळात मसाल्याच्या व्यापाराने जे क्रौर्य केले, त्याच्याशी हे ताडून पाहावे. जायफळाच्या मक्त्यासाठी 1621 साली डचांनी बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती नाहीशी केली. तेच डच 1637 साली आमच्या वेंगुर्ल्यास वखार घालून बसले.

माल असा चारी दिशांनी आला. मग यात आपले काय? माझ्या मते आपली आहे ती रीत. जिन्नस पारखण्याची, भाजण्याची, कुटण्याची आणि टिकविण्याची रीत.

पारख आधी घेऊ. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी किंवा गुंटुरी, दोहोंचा मेळ साधायचा तर संकेश्वरी. हे गणित चालीरीतीने घराघरांत बसले. मिरची हाती घेऊन हलवली की आत बी वाजले पाहिजे. दमट मिरची मुकी असते. धने तळहातावर चोळून वास घ्यायचा. हळकुंड मोडून आतला रंग पाहायचा. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे ठेवीत. 2005 सालच्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली.

पुढे भाजणे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात, कारण तीळ जेवढ्या वेळात तडतडतात तेवढ्यात धन्याला धगही लागत नाही. भाजण्याने उरलासुरला ओलावा जातो आणि आतले सुगंधी तेल जागे होते. आणि शेवटी उखळ-मुसळ. रोजचे ओले वाटण पाट्यावर, चिमूटभर वेलची-जायफळ खलबत्त्यात, आणि वर्षाचा कोरडा मसाला उखळात, अशी ही वाटणी होती. कुटायचे, चाळायचे, वर राहिलेली भरड पुन्हा उखळात टाकायची. डोळ्यांची आग, घशाला ठसका, हातांची रात्रभर भगभग.

हे सारे कोणत्या दिवसांत? चैत्र-वैशाखात, मृगाच्या आधी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली, याच ऋतूत. व्याख्यानमंडपात पुरुषमंडळी देशाच्या दारिद्र्याची मीमांसा ऐकत असत, त्या दिवसांत घरोघरी अंगणात मिरच्या वाळत असत आणि बायकांचे हात उखळाशी गुंतलेले असत. हे मी कोणास दूषण म्हणून सांगत नाही. इतिहासाची साधने कोणाच्या हाती होती, एवढेच त्यावरून दिसते. मुसळ ज्यांच्या हाती होते, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. जात्याशी बसून स्त्रियांनी रचलेल्या ओव्या गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गोळा करविल्या, त्या लाखाहून अधिक भरल्या. बोलावयास त्यांच्याजवळ पुष्कळ होते, ऐकणारे नव्हते.

मसाला टिकविण्याचे शास्त्र तर विशेष विचार करण्याजोगे आहे. मसाल्याचे शत्रू चार : ओल, उजेड, हवा आणि किडा. मिरची दमट राहिली तर बुरशी धरते, आणि काही बुरशींचे विष पोटात गेल्यास यकृतास घातक ठरते, हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे. उजेडाने लाल रंग विटतो. पूड केली की पृष्ठभाग वाढतो आणि सुवास उडू लागतो. आता जुनी रीत पाहा. कडक ऊन दिलेला माल, चिनी मातीची बरणी, दाबून भरलेला मसाला, मध्ये हिंगाचे खडे, तोंडाला फडक्याचा दादरा, आणि ओला चमचा आत घालण्यास सक्त मनाई. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव आपला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात; त्याचे नावच ‘बाटली मसाला’. कारण न सांगता त्यांनी चारही शत्रूंचा बंदोबस्त केला होता.

पुढे गिरण्या आल्या, वीज आली, कांडपयंत्रे आली. गिरणगावात लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्या घ्यायच्या, तिथेच भाजून-कुटून न्यायच्या, अशी सोय झाली. 1956 च्या कायद्याने शेर-पावशेर जाऊन किलो-ग्रॅम आले. पण मसाल्याचे प्रमाण बिघडले नाही, कारण ते ‘इतक्या मिरचीस इतके धने’ असे एकमेकांवर बेतलेले होते. त्यानंतर तयार पुड्या आल्या आणि त्यांनी बायकांचे हात मोकळे केले. या सोयीला नाक मुरडण्याचा अधिकार, ज्याने कधी मुसळ उचलले नाही त्याला तरी नाही.

तथापि पुडीबरोबर एक प्रश्नही घरात आला. सबंध मिरचीत विटेची भुकटी घालता येत नाही. पुडीत घालता येते. म्हणूनच 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा करावा लागला आणि 2006 साली त्याची जागा नव्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. 2005 साली मिरचीपुडीत सुदान नावाचा कारखानी रंग निघाल्यामुळे इंग्लंडमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. कायदा पाहिजेच. पण निरीक्षक काही प्रत्येक स्वयंपाकघरात येऊन बसणार नाही. मिरी पाण्यात टाकली तर बुडते आणि पपईचे बी तरंगते, एवढी परीक्षा तरी घरात राहिली पाहिजे.

तेव्हा उखळाकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. यंत्राने कुटावे, जमेल त्याने विकतचे आणावे. मात्र घरातील वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसून तिचे प्रमाण, तिची पारख आणि बरणी भरण्याची तिची पद्धत लिहून घ्यावी. आणि ती मुलीइतकीच मुलानेही शिकावी. किल्ल्यांचे चिरे ढासळले तरी काही शतके दिसत राहतात. हाताची विद्या एका पिढीने शिकणे सोडले की पुढच्या पिढीला तिचे अवशेषही सापडत नाहीत. उन्हाळा अजून संपलेला नाही. मृगाला अवकाश आहे, तोवर हे काम होण्यासारखे आहे.