गाडी नंबर डालिए!

रायपूरच्या उरला भागात लोखंडाचे कारखाने. तिथल्या एका धरमकाट्यावर ट्रकनोंदीचा माझा पायथॉन प्रोग्राम होता. तपासणीला पायडँटिक, सॅम्युअल कोल्विन यांची २०१७ची लायब्ररी. गाडीनंबर राहिला की 'फील्ड रिक्वायर्ड' येई. मुन्शीजी विचारत, "भैया, मतलब?" म्हणून कॉन्फिगच्या 'एरर एमएसजी टेम्प्लेट्स'मध्ये मी हिंदी वाक्य बसवलं.

जून २०२३मध्ये दुसरी आवृत्ती आली. गाभा रस्टमध्ये, वेग भन्नाट. पण ही सोय काढलेली. प्रोग्राम बंद पडत नाही, नुसती वॉर्निंग येते. लॉग कोण बघतं? मी तर नाहीच! रात्रपाळीत पुन्हा इंग्रजी, काट्यावर ट्रकांची रांग.

आता एररचा 'टाइप' पाहून संदेश मीच बदलतो. तोही बदललाय: पूर्वी 'व्हॅल्यू एरर डॉट मिसिंग', आता नुसतं 'मिसिंग'. रिकाम्या ट्रकचं वजन भरलेल्याहून जास्त आलं, तर 'पायडँटिक कस्टम एरर', हिंदीतच.