वाय कॉम्बिनेटर

वाय कॉम्बिनेटर ही नवोदित उद्योगांना अगदी आरंभीच्या टप्प्यावर भांडवल व मार्गदर्शन पुरवणारी अमेरिकी संस्था आहे. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन, रॉबर्ट मॉरिस व ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी मार्च २००५ मध्ये तिची स्थापना केली. अशा संस्थांना 'स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटर' म्हणतात आणि हा प्रकार रूढ करण्याचे श्रेय बहुतांशी हिच्याकडेच जाते. तिचे नाव लॅम्डा कलनातील एका संकल्पनेवरून घेतलेले आहे.

कार्यपद्धती

इनक्यूबेटरमध्ये उद्योगाला जागा व सोयी मिळतात आणि मुक्कामाला ठरावीक मुदत असतेच असे नाही. अ‍ॅक्सिलरेटरची मुदत मात्र निश्चित असते. वाय कॉम्बिनेटरमध्ये अर्ज व छोटी मुलाखत यांतून निवडलेल्या कंपन्यांची तुकडी सुमारे तीन महिने काम करते व अखेरीस 'डेमो डे'ला गुंतवणूकदारांसमोर आपले काम मांडते. २००५ च्या उन्हाळ्यातील पहिल्या तुकडीत आठ कंपन्या होत्या. रेडिट ही त्यांपैकीच एक. ड्रॉपबॉक्स, एअरबीएनबी व स्ट्राइप या कंपन्याही पुढे येथूनच घडल्या.

गुंतवणुकीच्या अटी

प्रारंभी प्रत्येक संस्थापकामागे सुमारे ६,००० डॉलर दिले जात व त्याबदल्यात कंपनीचा साधारण ६ टक्के हिस्सा घेतला जाई. २०२२ पासून ही रक्कम ५ लाख डॉलर झाली. 'पाच लाखांना सात टक्के' असा या कराराचा सोपा अर्थ अनेकदा लावला जातो, पण तो चुकीचा आहे. ७ टक्के हिस्सा फक्त १.२५ लाख डॉलरच्या बदल्यात असतो. उरलेले ३.७५ लाख डॉलर 'सेफ' नावाच्या करारान्वये दिले जातात. सेफ हे कर्ज नव्हे. त्यावर व्याज नसते, परतफेडीची मुदतही नसते. पुढील गुंतवणूक फेरीत या रकमेचे समभागांत रूपांतर होते. पुढे एखाद्या गुंतवणूकदाराला अधिक अनुकूल अटी दिल्यास त्याच अटी या रकमेलाही लागू होतात.

समजा, नंतरच्या गुंतवणूकदाराला १ कोटी डॉलर मूल्यमर्यादेचा सेफ दिला. मग ३.७५ लाख डॉलरचे आणखी ३.७५ टक्के होतात आणि संस्थेचा वाटा १०.७५ टक्क्यांवर जातो. त्या नव्या गुंतवणूकदाराचा वाटा निराळाच. सेफवर सही करताना समभाग हातचे जात नसल्याने ही घट त्या वेळी दिसत नाही. पहिल्यांदाच उद्योग उभारणाऱ्याची गफलत बहुधा येथेच होते.

भारतातील स्थिती

रेझरपे, मीशो, ग्रो तसेच मुंबईत सुरू झालेली झेप्टो या भारतीय कंपन्यांनी वाय कॉम्बिनेटरचा कार्यक्रम पूर्ण केला आहे. अमेरिकी सेफ भारतीय कंपनी कायद्यात जसाच्या तसा बसत नाही. त्यामुळे मुंबईच्या १००एक्स.व्हीसी या संस्थेने २०१९ मध्ये 'आयसेफ' हा पर्याय आणला. त्यात सक्तीने समभागांत रूपांतरित होणारे अग्रहक्क भाग दिले जातात.

हिस्सा न गमावता पैसा हवा असल्यास अनुदानाचा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या २०२१ मधील ९४५ कोटी रुपयांच्या स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेत, कल्पनेची व्यवहार्यता तपासण्यासाठी निवडक इनक्यूबेटरमार्फत २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. बाजारप्रवेशासाठीचे ५० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य मात्र अनुदान नसून कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे या स्वरूपात असते.