लिनक्समधील ड्रायव्हरच्या स्वयंचलित जोडणीचा इतिहास

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले, तेव्हा हार्डवेअरचे ड्रायव्हर कर्नलमध्येच अंतर्भूत असत. १९९५ मधील १.२ आवृत्तीपर्यंत सुटी मॉड्यूल आली. तथापि योग्य मॉड्यूलची निवड बहुधा वापरकर्त्यासच करावी लागे. २००१ मधील २.४ आवृत्तीत हे काम 'हॉटप्लग' यंत्रणा करू लागली. २००३ मध्ये अवतरलेल्या 'यूडेव्ह'ने पुढे तिची जागा घेतली. उपकरणाचा ओळखक्रमांक कर्नल कळवते व त्यानुसार यूडेव्ह मॉड्यूल चढविते.

ड्रायव्हर आपोआप न चढल्यास दोषाचा शोधही याच साखळीने घ्यावा लागतो : कर्नलला उपकरण दिसले काय, ओळखक्रमांकाशी जुळणारे मॉड्यूल आहे काय, ते वर्ज्य यादीत तर नाही ना, फर्मवेअरची फाइल उपलब्ध आहे काय? सारांश, स्वयंचलनाने वापरकर्त्याचे श्रम वाचविले. मात्र दोषाचे स्थान त्याच्या दृष्टीआड नेले.