नायगावचा कापूस, करियाचा माग

१९३५ सालचा पौष. नायगावात भरलेल्या कापसाच्या गाडीवर तुम्ही बसला आहात. राज्य निजामाचं, कनवटीला हाली रुपये. बैल नांदेडची वाट धरतात. जिनात सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. एक गाठ तिथल्याच उस्मानशाही मिलच्या फाटकातून आत जाते, तिच्यामागोमाग तुम्हीही.

कताई खात्यात चात्या गरगरताहेत. हवेत तूस इतकी, की पापण्या जड होतात. विणाई खात्यात तर शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. समोरचा विणकर थांबलेल्या मागावर वाकलाय. धोट्यातली, म्हणजे शटलमधली, सुताची कांडी संपली आहे. तो नवी कांडी बसवतो, धोट्याच्या छिद्राला ओठ लावून सूत ओढून घेतो आणि त्यासोबत तूसही छातीत जाते. माग सुरू होतो. थोड्याच वेळात पुन्हा तेच. मध्येच ताण्याचा एखादा उभा धागा तुटला आणि नजर चुकली, तर कापडात खोट राहते.

आता आणखी मागे चला, १९२४ साली, जपानमधल्या करिया गावी. सुताराचा मुलगा साकिची तोयोदा याने १८९० मध्ये लाकडी हातमाग बनवला होता. आज त्याचा नवा स्वयंचलित माग तुमच्यासमोर धडधडतोय. कांडी संपत आली, आता थांबेल, असं तुम्हाला वाटतं. तेवढ्यात भरलेला धोटा आपोआप आत सरकतो, रिकामा बाहेर पडतो आणि विणाई चालूच राहते. ताण्याचा धागा तुटतो, तसा माग स्वतःहून थांबतो. म्हणून इथे एकच कामगार तीसेक माग सांभाळू शकतो. पुढे १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क विकत घेतले. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारी हीच कंपनी.

जपानी गिरण्यांत हिंदुस्थानचा कापूसही होता. १८९३ पासून जपानी जहाजं मुंबईहून तो कोबेला नेत होती. पिकवणारे आपण, यंत्र घडवणारे ते. कमाईचा मोठा वाटा यंत्राकडे गेला.

आज उस्मानशाही मिल बंद आहे. नायगावच्या शिवारात कापूस अजूनही पिकतो. तोयोदाने आधी विणाईतले कष्ट नीट पाहिले, मग यंत्र घडवलं. मराठवाड्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतल्या मुलामुलींनो, वेचणीपासून विणाईपर्यंत आपल्या माणसांचे हात कुठे अडतात ते पाहा आणि त्यासाठी लागणारं यंत्र इथेच घडवा.