पळत का नाही हा?

नॉर्थ स्टेशनवर उतरून वर आलात की तुम्ही टीडी गार्डनमध्येच पोचता. तारीख ३ मे २०१३, शुक्रवार. मॅरेथॉनमधल्या स्फोटांना तीन आठवडेही झालेले नाहीत, शहराचा आवाज अजून चिरकलेला आहे.

बास्केटबॉल: बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स, प्लेऑफच्या पहिल्या फेरीतला सहावा सामना. पहिले तीन हरून सेल्टिक्सनं पुढचे दोन जिंकलेत. आज हरले की घरी. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये फलक दाखवतोय ७५-४९, निक्स पुढे.

‘पळत का नाही हा?’ शेजारचा पोरगा ओरडतो. हा म्हणजे पॉल पीअर्स, वय ३५, इथला पंधरावा हंगाम.

‘चेंडू पुढं नेणाऱ्या रोंडोचा गुडघा जानेवारीत गेला,’ त्याचे वडील म्हणतात. ‘आता तेही यानंच करायचं, गुणही यानंच करायचे. आणखी किती पळेल?’

‘बाबा, मन लावून खेळायला वय आडवं येत नाही.’

येतं. पोराला पाय दिसतात आणि तो त्यांना मन म्हणतो. तुम्ही सेल्टिक्सच्याच केविन गार्नेटकडे बघा, या महिन्यात ३७चा होईल. उडी कमी झाली, पण बचावात त्याचं तोंड क्षणभर मिटत नाही: स्क्रीन (वाट अडवणारा खेळाडू) कुठून येतोय, कोणी कुठं सरकायचं. ही मेहनत टीव्हीवर धड ऐकू येत नाही, आकडेवारीत तर नाहीच.

आणि मग सलग २० गुण! सेल्टिक्सचा बावीस वर्षांचा एव्हरी ब्रॅडली चेंडू हिसकावत सुटलाय. ७५-६९. थोड्या वेळानं अंतर चारवर. तुम्ही खुर्चीवर चढलाय, कोणी उतर म्हणत नाही.

‘बघ! आहे की नाही धमक?’

‘मग तीन क्वार्टर काय करत होते?’

पुरावा एकच, दोघांनीही आपापल्या बाजूनं ओढलेला.

निक्स ८८-८० जिंकतात. जिन्यावर वडील सेल्टिक्सचे जुने तारे बर्ड आणि मकहेल यांचा विषय काढतात. दोघांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि १९८६ नंतरचं विजेतेपद उजाडलं थेट २००८ला. जनरल मॅनेजर डॅनी एंज त्याच १९८६च्या संघात होता. तो भावनेत अडकेल असं मला तरी वाटत नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. २७ जूनला, ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या रात्री, पीअर्स-गार्नेट ब्रुकलिनला देण्याचं ठरेल. बदल्यात २०१४, २०१६, २०१८चे पहिल्या फेरीतले पिक (निवडीचे हक्क) आणि २०१७मध्ये पिकच्या अदलाबदलीचा हक्क. त्यातूनच जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम येतील, २०२४चं विजेतेपदही.

राहवत नाही, तुम्ही सांगून टाकता.

‘पीअर्सला विकणार?’ पोरगा उसळतो. ‘पीअर्सला?’

वडील मात्र थांबून विचारतात, ‘पिक किती म्हणालात?’